बारा आणे चंद्र

केमचं कुंकू आपल्या सगळ्यांच्या घरी येतं, पण केमला मुद्दाम उठून कोणी जात नाही. मी गेले ती चंद्र बघायला. तेही दोन म्हाताऱ्यांना सोबत घेऊन, आणि दोघे एकमेकांशी अक्षर बोलत नसताना.

मी सोलापूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर आहे. दिवसभर एका खुर्चीत बसून लोकांची बोलणी जोडून द्यायची हे माझं काम. त्यामुळे रजा मिळाली की माझे पाय घरात ठरत नाहीत. आई म्हणते, ही पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आली. या खेपेला मात्र तिनेच मला घराबाहेर काढलं, आणि त्याचं कारण आधी सांगायला हवं.

माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी रेडिओवर आली त्या दिवशी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गल्लीत पेढे वाटले होते. आप्पा शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि आनंद असा की जणू तेच वर जाऊन आले होते. त्यांचा धाकटा भाऊ, आमचा चन्नूकाका, त्या दिवशी करकंबहून कामासाठी आला होता. पेढा हातात धरून तो म्हणाला, “अण्णा, ह्ये खोटं हाय.” आप्पा म्हणाले, सोळा आणे खरं आहे. काका म्हणाला, एक आणासुदिक खरं न्हाय. शब्दाने शब्द वाढला. आम्ही मूळचे अक्कलकोटकडचे, घरात व्यवहार मराठीत आणि राग कानडीत. भांडण कानडीत शिरलं तेव्हाच आईने कपाळाला हात लावला. शेवटी आप्पा पुन्हा मराठीत आले, गल्लीतल्या सगळ्यांना कळावं म्हणूनच बहुधा, आणि म्हणाले, “तू अडाणी तो अडाणीच राहिलास.” काकाने पेढा कट्ट्यावर ठेवला आणि चपला घालून निघून गेला. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही.

बाहेरच्यांना हसू यायचं, चंद्रावरून कुणी भाऊ तोडतं का म्हणून. आम्हाला हसू येत नव्हतं. आमचे आजोबा बैलांचे दलाल. त्यांना एकाच मुलाला शिकवणं झेपणार होतं. त्यांनी थोरल्याला शाळेत घातलं आणि धाकट्याला बैलबाजारात आपल्या हाताखाली घेतलं. आप्पा शिकले म्हणून काका शिकला नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आप्पांना सर्वांत जास्त.

आता वैशाखात माझ्या बहिणीचं, उमाचं, लग्न ठरलं. आईने स्पष्ट सांगितलं, पहिली पत्रिका आणि अक्षता चन्नूभावजींच्या हातात पडल्या पाहिजेत, त्याशिवाय दुसरी पत्रिका घराबाहेर जाणार नाही. आप्पा म्हणाले, तो चंद्र मान्य करत नाही तोवर मी त्याच्या दारात पाऊल टाकणार नाही. पत्रिकांचा गठ्ठा तसाच कपाटावर पडून राहिला, आणि मुलाकडची माणसं विचारायला लागली.

अशात वर्तमानपत्रात बातमी आली. चंद्रावरची माणसं ज्या कुपीत बसून परत आली, तशीच हुबेहूब कुपी ट्रकवर घालून गावोगाव दाखवत आहेत, आणि ती मोडनिंबच्या बाजारच्या दिवशी तिथे असणार आहे. मोडनिंब करकंबपासून जवळ. काका त्या बाजाराला येतोच. मी त्याला कार्ड टाकलं, की आप्पा तुम्हाला चंद्राचा पुरावा दाखवणार आहेत, हिंमत असेल तर या. आप्पांना म्हटलं, चला, पुरावा दाखवा. दोघेही तयार झाले. आईने आप्पांच्या कोटाच्या आतल्या खिशात पत्रिका आणि अक्षतांची पुरचुंडी ठेवली आणि वर सेफ्टी पिन लावली.

मोडनिंब

एस.टी.तून उतरले ती मी जवळजवळ पळतच बाजारतळावर गेले. कांद्याचे ढीग, मिरच्यांची पोती, गुळाच्या ढेपा, सगळं होतं. चंद्र नव्हता. तळाच्या कडेला मात्र एक मोठा खड्डा होता आणि त्यात पोरंटोरं उड्या मारत होती.

“इथे यान येणार होतं ना?” मी चहावाल्याला विचारलं.

“आलं हुतं की,” तो म्हणाला. “काल सकाळी आलं. हितली माती भुसभुशीत, ट्रकचं चाक रुतलं. मग दोन बैलजोड्या लावून वडून काढलं. सायब म्हनले, हितं काय खरं न्हाय. केमच्या शाळंचं पटांगण घट्ट हाय, तितं गेले.”

माझ्या मागून कोणीतरी मोठ्याने हसलं. चन्नूकाका. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, हातात कापडी पिशवी. मिशा पार पांढऱ्या झाल्या होत्या. मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा त्या काळ्या होत्या, आणि ते पाहून मला फार वाईट वाटलं.

“चंद्रावर जाऊन आलं म्हनं, अन् मोडनिंबात रुतलं,” काका म्हणाला. “नीले, तुज्या बापाला सांग, बैलानं वडलं त्याला. बैलानं.”

आप्पा चार हात लांब उभे. “त्याला म्हणावं, यान नव्हे, ट्रक रुतला,” ते मला म्हणाले.

माझी रजा वाया चालली होती. मी इकडून तिकडे फेऱ्या मारल्या, चहा अर्धाच पिऊन ठेवला, पुन्हा उचलला. सोलापूरला परत जावं तर लग्न अडलेलं. केमला जावं तर हे दोघे एका गाडीत बसणार का? मी सरळ काकाला विचारलं.

“आता बगितल्याबिगर म्या मागं जात न्हाय,” काका म्हणाला. “पळून पळून पळंल कुटं?”

मोडनिंबहून कुर्डुवाडीला छोटी रेल्वे जाते. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगते, ती इतकी सावकाश चालते की माझ्यासारखीने तिच्यात बसूच नये. मी दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले. दोघे समोरासमोरच्या बाकांवर, गुडघ्याला गुडघे लागत होते, आणि मी मध्ये. एक्सचेंजमध्ये करते तेच काम तिथेही, फक्त तारेशिवाय. “त्याला सांग, खिडकी लाव, धूर येतोय.” “तुज्या बापाला सांग, धूर न्हाय, धुरळा हाय.” दोघांनाही एकमेकांचं लख्ख ऐकू येत होतं, तरी मी म्हणेपर्यंत थांबायचे.

कुर्डुवाडीच्या अलीकडे काकाने पिशवीतून फडकं सोडलं. धपाटे, शेंगांची चटणी आणि दह्याची लोटी. धपाटे आप्पांच्या आवडीचे, तीळ लावून, काकूच्या हातचे. आई धपाटे करते, पण ते काकूसारखे होत नाहीत, हे आई स्वतःच कबूल करते.

“तुज्या बापाला सांग, तुज्या काकूनं दिल्यात. म्या न्हाय.”

आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. मग न बघताच हात पुढे केला. त्यांनी तीन खाल्ले. मी कौतुकाने मोजत होते, तर काकाही मोजत होता.

कुर्डुवाडी

इथली वस्ती सगळी रेल्वेची. माणसं घड्याळाकडे न बघता कुठली गाडी किती उशिरा आहे ते सांगतात. आम्हाला केमची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती, म्हणून धर्मशाळेत राहिलो.

संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून मी काकासोबत निघाले. स्टेशनमागे एकजण बैल विकायला उभा होता. काका थांबला. बैल दिसला की तो माणूसच बदलतो. त्याने बैलाची पाठ दाबली, दात पाहिले. विकणारा म्हणाला, “दादा, आधीच सांगतो, पाण्यात शिरायला भितोय ह्यो.” काकाने मान हलवली. मग त्याने खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं, आणि आत बोटांनी बोलणं सुरू झालं. वरून फक्त कापड हलताना दिसत होतं. ज्याला जेवढे सांगायचे तेवढी बोटं धरायची, आकडा मोठा असला तर पुन्हा पुन्हा, पटलं तर हात दाबायचा, नाही पटलं तर सैल सोडायचा. भोवती दहा माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो, आणि नंतर तो तोंडाने सांगायचा नसतो.

सौदा झाला नाही. काकाला बैल नकोच होता. पण परत येताना तो खुशीत होता.

“मानूस चांगला,” म्हणाला. “जो आपल्या मालाची खोड सोता सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलन्यावर विश्वास ठिवायचा. तुज्या आज्यानं शिकिवलंय.”

“आप्पांना येतं का हो हे, बोटांचं?”

“त्याला? सुट्टीला आला की माज्यासंगं खेळायचा. चिंचोके विकायचो आमी एकमेकास्नी, आईच्या पदराखाली हात घालून.” मग उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. म्हणाला, “इसरला आसंल आता. मोठा मानूस झाला.”

केम

केमला उतरलं की आधी नाकाला हळद लागते. इथे घरोघरी कुंकू तयार होतं. अंगणात लाल वाळवणं, बायकांचे हात कोपरापर्यंत लाल, कुत्री लाल. आमच्याकडे वाळवण म्हटलं की पापड आणि सांडगे. इथे ते ओलांडताना पाप लागेल की काय असं वाटतं, आणि रस्ता तर त्यातूनच जातो. आप्पांच्या धोतराचा काठ पहिल्या गल्लीतच रंगला.

शाळेच्या पटांगणात ट्रक उभा होता आणि त्यावर ती कुपी. मला वाटलं होतं त्याहून लहान. आमच्याकडे शेतात धान्याची कणगी असते तेवढी, खाली रुंद, वर निमुळती. गावच्या बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं होतं. वर लाल बोटांचे ठसे उमटले होते. नारळही फुटले होते. रांग पटांगणाबाहेर गेली होती.

माहिती सांगायला पुण्याचा एक तरुण होता, जोशी नावाचा. गळ्यात भोंगा, आवाज बसलेला. आप्पा रांगेत माझ्या पुढे, काका माझ्या मागे. आप्पांची छाती फुगलेली. जवळ आल्यावर ते मला म्हणाले, “त्याला म्हणावं, बघ. हात लावून बघ. यात बसून माणसं चंद्रावरून आली.”

जोशींनी ते ऐकलं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. “नाही आजोबा,” ते म्हणाले, “यात बसून नाही. ही कधीच वर गेलेली नाही. ही नक्कल आहे.”

काका हळूच म्हणाला, “नक्कल.”

आप्पांचा चेहरा असा उतरला की मला त्या जोशींच्या गळ्यातला भोंगा हिसकावून घ्यावासा वाटला. एवढी धावपळ, एवढी रजा, आणि पुरावा म्हणून काय, तर नक्कल. उमाचं लग्न काकाशिवाय होणार हे मला तिथेच दिसलं. मी नुसती या पायावरून त्या पायावर होत राहिले.

जोशी मात्र सांगतच सुटले, आणि काका कधी नव्हे ते तोंड मिटून ऐकायला लागला. खरी कुपी समुद्रात पडते, तेव्हा आतल्या माणसांना बाहेर कसं काढायचं, याचा सराव करायला म्हणून ही बांधली. हिला कितीदा तरी उंचावरून पाण्यात सोडलं. कधी उलटी पडली, कधी पाणी शिरलं. सराव संपल्यावर ती वखारीत धूळ खात पडली. मग कुणाच्या तरी मनात आलं, की खऱ्या कुप्या मोजक्या आहेत, त्या फिरवता येत नाहीत, तर हिलाच रंग देऊन लोकांना दाखवू. तेव्हापासून ती जत्राजत्रांतून फिरते आहे. बोटीतून इकडे आली. वाटेत लोकांनी आतली बटणं काढून नेली, म्हणून आता अर्धी बटणं रेडिओची आहेत. एका बंदरात उतरवताना दाराला पोचा आला. एका गावात कुणी आत आपलं नाव कोरलं. खुर्चीचा पट्टा तुटला, तिथे मोडनिंबच्या दुकानात घेतलेली, खाटेला विणतात ती सुती नवार लावली आहे.

“म्हंजे,” काका म्हणाला, “ही वर गेली न्हाय, फकस्त पडली.”

“हो आजोबा. खरी पडणार तेव्हा चुकू नये म्हणून.”

“कवा कवा उलटी पडली म्हनता?”

“बऱ्याचदा.”

“ह्ये तुमी सगळ्यास्नी सांगता?”

“विचारलं की सांगतो. न विचारताही सांगतो,” जोशी म्हणाले. “ओरडाही खातो वरिष्ठांचा.”

काका पुढे झाला. त्याने कुपीच्या बाजूवरून तळहात फिरवला, पोचा आला होता तिथे बोट थांबवलं, वाकून खालून पाहिलं. काल त्या बैलाला पाहिलं होतं तसंच. आप्पा बाजूला उभे, कुणीतरी वर्गात उभं केल्यासारखे.

“आत बसू देता का?” काकाने विचारलं.

आत डोकावायची परवानगी होती, बसायची नव्हती. पण जोशींनी त्याच्या मिशांकडे पाहिलं आणि शिडी लावली. काका धोतर सावरून आत शिरला. आत तीन खुर्च्या, पाठीवर निजून पाय वर करायचे अशा. तो लवकर बाहेर येईना. रांगेतले लोक कुरकुरायला लागले. मी शिडीवर चढले, उतरले, पुन्हा चढले.

मग आतून आवाज आला, “बा अण्णा. कूड.”

कानडीत. ये अण्णा, बस. इतक्या वर्षांत मध्ये मला न घालता तो आप्पांशी पहिल्यांदा बोलला. आप्पा माझ्याकडे बघायला लागले, जणू मी ते पुन्हा सांगायला हवं होतं. मी नुसता त्यांच्या कोपराला हात लावला. ते शिडी चढले.

मलाही शिरायचं होतं. जोशी म्हणाले, दोघांच्या वर नको. मग मी त्या छोट्या खिडकीला नाक लावलं. काच ओरखड्यांनी भरलेली. आत दोघे म्हातारे शेजारी शेजारी उताणे, गुडघे वर, डोळे छताकडे, आणि दोघांच्या मध्ये हातांवर टाकलेलं काकाचं उपरणं. कापड हललं. थांबलं. पुन्हा हललं, मग पुन्हा थांबलं. आप्पांची बोटं विसरली नव्हती. मागून एक बाई म्हणाली, “काय दिसतंय वो ताई?” मला काय दिसतंय ते तिला सांगता येईना, कारण माझे डोळे भरून आले होते.

आधी आप्पा उतरले. काका शिडीच्या शेवटच्या पायरीवर असतानाच त्यांनी कोटाच्या आत हात घातला. ती सेफ्टी पिन निघेना. मी पुढे झाले तर मला बाजूला सारलं, बोटाला टोचून घेतलं, पण पत्रिका आणि पुरचुंडी स्वतःच काढली. “उमाचं लग्न आहे,” ते म्हणाले. “पहिली अक्षत तुझी.” पुढे म्हणाले, “चन्नू, तू पुढे होऊन करायचंस सगळं.”

काकाने अक्षता कपाळाला लावल्या आणि उपरण्याच्या टोकाला बांधल्या. गाठ मारायला त्याला फार वेळ लागला.

पुन्हा कुर्डुवाडी

परतीची गाडी कुर्डुवाडीला थांबली तिथे काका छोट्या गाडीसाठी उतरला. आमची गाडी इंजिनात पाणी भरेपर्यंत उभी राहणार होती. मी त्याची पिशवी घेऊन पलीकडच्या फलाटावर गेले. खरं तर पिशवी रिकामी होती. आप्पांना डब्यात विचारून झालं होतं, आत काय ठरलं म्हणून. ते म्हणाले होते, कापडाखालचं तोंडाने बोलायचं नसतं.

“काका, मला सांगा. मला झोप लागणार नाही.”

“तुला तशी बी कुटं लागती?” तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “म्या इचारलं, बोल, चंद्र किती आणे खरा. त्यानं सोळा धरले.”

“मग?”

“मग चौदा धरले. मग बारा. बाराला म्या हात दाबला. झाला सौदा.”

“म्हणजे तुम्ही अडून बसलात आणि आप्पा खाली आले.”

“अडून कशाला बसू?” काका म्हणाला. “तो जोशी पोरगा सोताच्या मालाची खोड सोता सांगतोय. तवाच म्या मनात सोळाचे सोळा दिलेते. पर नीले, किती वरसानं त्येचा हात हातात आला. आमी लहानपणी घालायचो तसा. मला दाबायचं हुतं, माजी बोटंच हलंनात. त्याला वाटलं, ह्यो अजून नगं म्हनतोय. म्हनून तो खाली आला. खाली येतच गेला.” त्याने उपरण्याच्या गाठीने डोळे पुसले. “ह्ये त्याला सांगू नगंस. मास्तर मानूस. कवा कुणाला आणा सोडला न्हाय त्यानं.”

शिट्टी झाली तशी मी धावत आमच्या डब्यात आले. आप्पा खिडकीशी बसले होते, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून.

“काय म्हणाला?”

“काही नाही. धपाटे आवडले म्हणून काकूला सांगायला सांगितलंत ना, ते सांगितलं.”

आप्पांनी मान डोलावली. गाडी हलली. तिने वेग घेतला तसे ते म्हणाले, “चार आणे सोडले मी त्याला. खरं तर सोडायला नको होते, विज्ञान आहे ते. पण त्याच्या वाट्याचं पुष्कळ मी आधीच घेतलं होतं.” मग कोट नीट केला, पाय समोरच्या बाकावर टेकवले, आणि शांत झोपले.

सोलापूर येईपर्यंत मी खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.